चाळीस गळे, एक हातोडी

मे महिन्यात विदर्भातला शहाणा माणूस दुपारी घराबाहेर पडत नाही. कुत्री नळाखालची ओल धरून पडतात, रिक्षावाले मागच्या सीटवर आडवे होतात, आणि शाळांना तर जून संपत येईपर्यंत कुलूपच असतं. उरलेल्या महाराष्ट्रातली पोरं दप्तरं लावून वर्गात जाऊन बसली तरी इकडची पोरं आंब्याच्या कोयी चोखत असतात. अशा दिवसांत, पारा ४५च्या आसपास घुटमळत असताना, एका विद्यापीठाच्या संगीत विभागात चाळीस माणसं कानावर हात ठेवून सा लावत होती. या प्रकाराला 'संगीत शिक्षकांचे उन्हाळी अध्ययन व प्रशिक्षण शिबिर' असं नाव होतं. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. मानधनाचं बिल अजून तिथेच अडकलंय.

मी तिथे तबल्याला होतो. शिबिराच्या अंदाजपत्रकात विषयतज्ज्ञांना वेगळं शीर्षक होतं, चहा-नाश्त्याला वेगळं होतं, आणि माझी सोय 'किरकोळ साहित्य' या शीर्षकाखाली खडू, डस्टर आणि सतरंज्यांबरोबर केली होती. त्याबद्दल तक्रार नाही. तबलजीची जागा मोक्याची असते. त्याला गवयाचा चेहरा दिसतो, समोरच्यांच्या जांभया दिसतात, आणि हात कामात असल्यामुळे कोणी त्याचं मत विचारत नाही.

आलेली मंडळी तऱ्हेतऱ्हेची होती. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ १९३१ साली निघालं, तेव्हापासून महाराष्ट्रात माणसाचं गाणं किती झालं हे विचारायची सोय झाली आहे. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी ती शिडी. आमच्याकडे विशारद ढिगाने होते. एक अलंकार होते, त्यांना सगळे 'अलंकार सर'च म्हणत. पायजम्याच्या खिशात खंजिरी घेऊन फिरणारे अमरावतीकडचे एक गुरुजी होते. तुकडोजी महाराजांच्या भजनांवर त्यांचा पिंड पोसलेला. काहीजण वरिष्ठ वेतनश्रेणीच्या आशेने आले होते. बारा वर्षं नोकरी झाली की ती श्रेणी, चोवीस झाली की निवड श्रेणी, आणि दोन्हींना प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. ते प्रशिक्षण वेगळं आणि हे वेगळं, ही बातमी त्यांना इथे आल्यावर कॅंटीनमध्ये कळली. तोवर नोंदणी शुल्क भरून झालं होतं. आणि मेळघाटातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या एक बाई होत्या. त्यांच्या शाळेत संगीत शिक्षकाचं पदच नव्हतं. गणितापासून गाण्यापर्यंत सगळं त्याच शिकवायच्या. पंचायत समितीतून पत्र गेलं, 'कोणीतरी पाठवा', म्हणून त्या आल्या.

पहिल्या सकाळी ओळख-परेड झाली. प्रत्येकाने नाव, गाव आणि शाळा एका मिनिटात सांगायची होती. पहिल्या सरांनी नाव सांगितलं आणि गुरूंवर आले. मग गुरूंचे गुरू, त्यांचे गुरू असं करत ते हद्दूखाँ-हस्सूखाँपर्यंत पोचले. दर नावाला उजवा हात कानाच्या पाळीला जात होता. ग्वाल्हेरला पोचल्यावर मुक्काम करतील असं वाटलं होतं, पण त्यांनी तिथून परतीच्या प्रवासात आपली एक बंदिश ऐकवली. दुसऱ्या बाईंचं घराणं वेगळं, त्यामुळे बंदिशही वेगळी. जेवणाची घंटा झाली तेव्हा अकरा जणांची ओळख झाली होती. शाळेचं नाव कोणीच सांगितलं नव्हतं.

तिथेच मला शिबिराची गोम कळली. गवयाला वाटतं आपल्याला कोणी थांबवू नये, आणि शिक्षकाला आपलं आपणच थांबावं लागतं. विद्यापीठाने शिबिर भरवलं होतं दुसऱ्या जातीच्या माणसांसाठी. आले होते सगळे पहिल्या जातीचे.

माझ्यापुरतं संकट पट्टीचं होतं. पुरुषांत कोणाची काळी एक, कोणाची पांढरी दोन. बायकांत कोणाची काळी चार, कोणाची काळी पाच. माझ्याजवळ दोन तबले, एक डग्गा आणि एक हातोडी. तबला चढवायचा तर गजऱ्यावर वरून ठोकायचं, उतरवायचा तर खालून, आणि फरक मोठा असेल तर गट्टे सरकवायचे. मैफलीत हे काम एकदा करायचं असतं. इथे दर दहा मिनिटांनी गळा बदलायचा. शिबिरात मी वाजवलं कमी आणि ठोकलं जास्त.

त्यात उन्हाळा. कोरड्या हवेत चामडं आखडतं, तबला आपोआप चढतो. तंबोऱ्याच्या तारा धातूच्या, त्या उष्णतेने सैलावतात, तंबोरा उतरतो. पेटीला यातलं काही जाणवत नाही. ती दोघांच्या मध्ये बसून दोघांनाही बेसूर ठरवते. विभागाचा तंबोरा अस्सल मिरजेचा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं. पण पंढरपूरकडच्या मातीत वाढलेल्या त्या भोपळ्याला विदर्भातल्या मे महिन्याचा भूगोल कोणी सांगितलेला नव्हता.

शिवाय वर्गात कूलर. लोखंडी, पोटभर पाणी पिणारा, ताट्यांतून ओला वारा फेकणारा. त्याच्यासमोरचा तबला ओलाव्याने उतरायचा, खिडकीजवळचा उन्हाने चढायचा. कूलरला स्वतःचा एक सूरही होता, काळी दोनच्या जरासा खाली. दुपारपर्यंत सगळा वर्ग नकळत त्याच सुरात गायला लागला. अलंकार सर डोळे मिटून म्हणाले, "वा! तंबोरा काय लागलाय!" तंबोरा गवसणीत होता.

"सर, कूलर चालू ठिवू का गानं चालू ठिवू?" विभागाच्या शिपायाने एकदा दारातून विचारलं. "दोन्ही संगं नाई होत." सगळ्या शिबिरात एवढा नेमका प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला नाही. मतदान झालं. कूलर निवडून आला.

एक व्याख्यान मला फार आवडलं, कारण ते माझ्याबद्दल होतं. पदार्थविज्ञान विभागातले एक तरुण प्राध्यापक आले आणि त्यांनी सांगितलं, की साध्या ढोलाच्या चामड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून त्याचा आवाज नुसता दणका असतो. तबल्याच्या आणि मृदंगाच्या मधोमध शाईचा थर असतो, त्या वजनाने ते उपस्वर रांगेत येतात आणि सूर ऐकू येतो. हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी सहकाऱ्याबरोबर 'नेचर' या नियतकालिकात १९२० साली मांडलं. नोबेल त्यांना मिळालं १९३० साली, प्रकाशावरच्या कामासाठी. आधी तबला, मग प्रकाश. मी सभोवार पाहिलं. निम्मे गवई झोपले होते, उरलेले आपली पाळी कधी येते ते वेळापत्रकात शोधत होते.

वेळापत्रक ही आणखी एक गंमत. शिबिर सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेपाच. आपल्याकडे रागांनाही वेळापत्रक असतं, आणि विद्यापीठाचं त्याच्याशी बिलकूल पटत नाही. नवशिक्याला आधी शिकवायचे भूप, यमन, दुर्गा, बागेश्री हे सगळे रात्रीचे. त्यामुळे सकाळी अकराला यमन, बाराला बागेश्री, आणि चहानंतर दुर्गा. विशारदबाईंपैकी एकजणी या बाबतीत फार कडक होत्या. "मी अवेळी गाणार नाही," म्हणाल्या. त्या दुपारपर्यंत थांबल्या आणि ठीक वेळेवर वृंदावनी सारंग घेतला. राग शास्त्राप्रमाणे, वेळ शास्त्राप्रमाणे. पण जेवणात झुणका-भाकर आणि कैरीचं पन्हं झालेलं. कोमल निषाद येईपर्यंत पहिल्या दोन रांगा आडव्या झाल्या होत्या. विलंबित एकतालाची बारा मात्रांची आवर्तनं मोजत जागा राहिलेला मी एकटाच, तोही पोटासाठी.

त्याच सुस्तीत बावीस श्रुतींवर व्याख्यान झालं. वक्ते तळमळीने सांगत होते, की पेटीत सप्तकाला बाराच सूर, त्यात आपल्या श्रुती मावतच नाहीत. म्हणूनच आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला दार बंद केलं होतं. मग त्यांनी तीव्रतर आणि अतिकोमल यांतला सूक्ष्म फरक वाजवून दाखवला. पेटीवर. चाळीस माणसांनी माना डोलावल्या. काहींनी तर "क्या बात है" असंही म्हटलं.

दुसऱ्या सत्रात शिक्षणशास्त्र विभागाच्या प्राध्यापिका आल्या. पाठ कसा घ्यावा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि गाण्याशी त्यांचा संबंध नव्हता, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात कुठेच संदिग्धता नव्हती. पाठ टाचणाचा तक्ता त्यांनी फळ्यावर मांडला: घटक, उपघटक, उद्दिष्टे, पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, फलकलेखन, मूल्यमापन, स्वाध्याय. त्यांचा मुद्दा असा, की उद्दिष्टातलं क्रियापद दिसेल, मोजता येईल असं हवं. ब्लूम आणि मंडळींनी १९५६ साली उद्दिष्टांची उतरंड लावून दिली, ती बी.एड. केलेल्या प्रत्येकाच्या मानेवर अजून बसलेली आहे.

एका सरांनी लिहिलं होतं, 'विद्यार्थी भूप रागाचा आनंद घेतो.'

"आनंद मोजता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "खोडा."

"मग काय लिहू?"

"आनंद घेतल्याची दृश्य खूण लिहा."

बराच खल झाला. शेवटी ठरलं: 'विद्यार्थी समेवर मान डोलावतो.' मूल्यमापनाच्या रकान्यात लिहिलं, 'पाचपैकी किमान तीन समांवर.' खंजिरीवाले गुरुजी मागून म्हणाले, "आमच्या शाळेत डुलक्या देनाऱ्या पोराईची मान बी खालीच येते जी. त्याले किती मार्क देऊ?" मॅडमनी तो प्रश्न टिपून घेतला. पुढच्या शिबिराला उत्तर येईल.

प्रस्तावनेत मुलांच्याच तोंडून विषय वदवून घ्यायचा, असाही दंडक होता. त्याचा नमुना अलंकार सरांनी दाखवला. "मुलांनो, राज्य कोण करतो?" राजा. "राजाला आणखी काय म्हणतात?" नृप. "आणखी?" सम्राट. "आणखी?" एकाने 'पालकमंत्री' म्हटलं. पाच मिनिटांच्या खटाटोपानंतर 'भूप' बाहेर पडला आणि सरांनी हेतुकथन केलं. पस्तीस मिनिटांच्या तासात राग तोंडाला लागायच्या आधी आठ मिनिटं राजघराण्यात गेली.

एक तरुण प्राध्यापक परदेशी पद्धत घेऊन आले होते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या जॉन कर्वेनने स्वरांना हाताच्या खुणा ठरवल्या आणि पुढे हंगेरीच्या झोल्तान कोडायच्या पद्धतीने त्या जगभर नेल्या. पेटी नसलेल्या शाळेतसुद्धा नुसत्या हाताने मुलांना स्वर दाखवता येतो, ही मोठी सोय. पण आमच्या लोकांना आधी अर्थ हवा होता. षड्जाला मूठ, इथपर्यंत सगळे राजी. मध्यमाला अंगठा खाली! "मध्यमाने काय घोडं मारलंय?" ललत ज्यांचा जीव की प्राण, अशा एका बाई कळवळून म्हणाल्या. निषादाला तर्जनी वर. ते दाखवताच एका सरांनी रास्त शंका काढली: वर्गात बोट वर केलं की पोरांना वाटतं गुरुजींनी प्रश्न विचारलाय. नी दाखवायचा आणि अर्धा वर्ग उत्तर द्यायला उभा.

सगळ्यांत मोठं रणकंदन मात्र घरगुती होतं. आपल्याकडे स्वरलेखनाच्या दोन पद्धती आहेत, दोन्ही मराठी माणसांनीच काढलेल्या, अर्थातच एकमेकींशी न जुळणाऱ्या. विष्णू दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं शिकवणारे तयार व्हावेत म्हणून तिथे उपदेशक वर्गही चालवला. म्हणजे संगीत शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा उद्योग शंभर वर्षांहून जुना आहे. विष्णू नारायण भातखंडे पेशाने वकील. त्यांनी वकिलाने कायद्याची कलमं लावावीत तसे सगळे राग दहा थाटांत लावले, १९१६ साली बडोद्याला संगीत परिषद भरवली, १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज उभं करण्यात पुढाकार घेतला. दोघेही विष्णू, दोघांचाही ध्यास गाणं घराघरांत पोचवायचा. पण भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब दिलं की तो तार सप्तकातला, आणि पलुसकर पद्धतीत डोक्यावर टिंब दिलं की तो मंद्रातला. भातखंड्यांनी मध्यमावर उभी रेघ मारली की तो तीव्र. पलुसकरांनी मारली की तो तार सप्तकातला. भातखंड्यांची सम म्हणजे फुली, आणि पलुसकरांनी अधिकचं चिन्ह, जे घाईत हुबेहूब फुलीसारखंच निघतं, ते दिलं खालीला.

एका बाईंनी फळ्यावर बंदिश लिहिली. 'नी'च्या डोक्यावर टिंब. "म्हणा," त्या म्हणाल्या. डावीकडची रांग गगनाला गेली, उजवीकडची पाताळात. मधले लोक दोन्हीकडे बघत मध्य सप्तकात थांबले. दुसऱ्या आवर्तनात डावीकडच्यांना समेची चाहूल लागली तिथे उजवीकडच्यांनी खाली दाखवली. मी ठेका धरून होतो. समेवर 'धा' दिला तर अर्ध्या वर्गाने दाद दिली, उरलेल्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यांच्या घरात न विचारता शिरलोय. त्यानंतरचा अख्खा तास टिंब वर की खाली यावर गेला. कोण चुकलं हे ठरलं नाही, पण कोण कोणाच्या परंपरेतलं हे सगळ्यांना कळलं आणि जेवणाच्या पंगती त्याप्रमाणे बसल्या.

शिबिराचा कळस म्हणजे सराव पाठ. एकाने शिक्षक व्हायचं, बाकीच्यांनी सहावीचा वर्ग. आता, वीस-वीस वर्षं पोरांनी ज्यांना छळलं अशा माणसांना एका दुपारपुरतं पोर व्हायला सांगितलं तर काय होणार? सूड. कोणी करंगळी वर करून "सर, जाऊ?" म्हणत होतं, कोणी पुढच्याच्या वेणीला पेन्सिल अडकवत होतं. निवृत्तीला आलेले एक सर "बाई, यानं माझं रबर घेतलं" म्हणून खरोखरच रडवेले झाले. एका विशारदबाईंनी डबा उघडून पेरू खाल्ला. शिक्षणशास्त्राच्या मॅडम शेवटच्या बाकावर पाठनिरीक्षणाची वही घेऊन बसलेल्या, घड्याळ समोर.

अलंकार सर उभे राहिले. विषय भूप. राजघराणं आवरून त्यांनी सा लावला, आपल्या काळी एकमध्ये. मग आरोह-अवरोह दाखवायचा, तो त्यांनी दाखवला. मग "स्वरूप डोळ्यांसमोर यावं म्हणून" थोडी आलापी. थोडीच. गांधारावर ते स्थिरावले, आणि खोटं कशाला बोलू, गांधार सुंदर लागला होता. पेरू खाणाऱ्या बाईसुद्धा थांबल्या. सरांनी डोळे मिटले. सहावीचा वर्ग त्यांच्यासाठी तिथेच संपला. पस्तिसाव्या मिनिटाला मॅडमनी घंटा वाजवली तेव्हा सर पंचमाकडे निघाले होते. फलकलेखनात एकच शब्द होता: 'भूप'. मुलांनी एकही स्वर म्हटला नव्हता. मूल्यमापनाचा रकाना मात्र भरून निघाला, कारण गांधारावर सगळ्यांच्या माना डोलल्या होत्या.

त्यांच्यामागून आलेल्यांचं कमी-जास्त हेच. जो तो 'नमुना म्हणून' गायला उभा राहायचा आणि नमुन्यातच घंटा व्हायची. काळी एकवाले सर अंतऱ्यात मुलांना किंचाळायला लावत, काळी पाचवाल्या बाई मुलांना जमिनीखाली गुरगुरायला लावत. गळा शिक्षकाचा, पट्टी शिक्षकाची, वर्ग फक्त हजेरीपुरता.

मग जिल्हा परिषदेच्या बाई आल्या. पेटी त्यांना येत नव्हती. टाचण त्यांनी अर्ध्या पानावर लिहिलं होतं. पहिल्या रांगेतल्या एका 'पोरा'ला त्या म्हणाल्या, "तू म्हण रे काहीतरी. काहीही म्हण." तो गोंधळून प्रार्थनेतली एक ओळ गुणगुणला. बाईंनी त्याचा सूर उचलला, तोंडातल्या तोंडात घोळवला आणि माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तबला इथे येईल का?" सबंध शिबिरात माझा तबला कुठे येईल हे मला पहिल्यांदाच कोणी विचारलं. मी दोन ठोके मारले. आला.

पावसाचं दोन ओळींचं गाणं होतं. बाईंनी पहिली ओळ एकदाच म्हटली आणि गप्प बसल्या. खरंच गप्प. वर्ग घोटाळला, कारण आता पुढे काय करायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. गाणारा माणूस थांबलेला आम्ही कोणी पाहिलाच नव्हता. मग एकाने ओळ म्हटली, दुसऱ्याने ओढली, तिसऱ्यांदा सगळे आले. चुकलं तिथे बाईंनी गाऊन दाखवलं नाही, नुसता हात वर केला आणि पुन्हा थांबल्या. त्यांच्या शाळेत कोरकू बोलणारी मुलं येतात. गाण्याचे मराठी शब्द त्यांना नवे. तिथे बाई गात बसल्या तर मुलं ऐकत बसतील आणि शब्द कधीच तोंडात येणार नाहीत, म्हणून ही सवय, असं त्यांनी नंतर चहाला सांगितलं. अठराव्या मिनिटाला सगळा वर्ग, रबरवाले सर धरून, टाळ्या देत गात होता, आणि बाई फळा पुसत होत्या.

मॅडमनी निरीक्षणवहीत शेरा दिला: 'वेळेचा पूर्ण विनियोग नाही. पाठ लवकर संपला.' अलंकार सरांचं मत जरा वेगळं पडलं. "बाईंना गाता येत नाही," ते खांद्यावर उपरणं टाकत म्हणाले, "ते त्यांच्या पथ्यावर पडलं." त्या रात्री मेसमध्ये आलू-वांग्याच्या भाजीवर हात मारताना अख्खी पंगत पावसाचं तेच गाणं म्हणत होती. भूप कोणी म्हटला नाही, आणि रात्रीचा पहिला प्रहर चालू होता.

समारोपाला प्रत्येकाने तीन मिनिटं गायचं होतं. चाळीस त्रिक एकशेवीस, म्हणजे कागदावर दोन तास. संयोजक सरांना आतापर्यंत अंदाज आलेला होता. त्यांनी मला बाजूला घेतलं. "हे बघा, तुमच्याशिवाय कोणाच्या हातात नाही. तीन मिनिटं झाली की तिहाई मारा."

युक्ती वाईट नव्हती. एकच तुकडा तीनदा वाजवायचा, तिसऱ्याचा शेवटचा 'धा' नेमका समेवर. कितीही तयारीचा गवई असला तरी तिहाई कानावर आली की समेवर येऊन टेकतोच. मी घड्याळ डग्ग्याच्या चुंबळीला टेकवून ठेवलं.

पहिल्या सरांना तीन मिनिटं होताच मी तिहाई मारली. त्यांचा चेहरा उजळला. "क्या बात है!" म्हणाले, माझ्याकडे पाहून हात उडवला, आणि साथीदार खुलला म्हणून दुप्पट उत्साहाने अंतऱ्यात शिरले. दुसऱ्या बाईंनी माझ्या तिहाईला तिहाईनेच उत्तर दिलं. तिसऱ्यांनी चक्रदाराची फर्माईश केली. संयोजक पडद्याआडून हातवारे करत होते, ते मला त्यांनी दिलेली दाद वाटली म्हणून मी मान लववली. खंजिरीवाल्या गुरुजींनी खंजिरी काढली तेव्हा तर मलाच थांबावंसं वाटेना. जिल्हा परिषदेच्या बाई एक मिनिट गाऊन खाली बसल्या. कार्यक्रम पुढे सरकला असेल तो तेवढाच.

शेवटी प्रमुख पाहुणे उठले. "मला गाण्यातलं काहीही कळत नाही," असं त्यांनी नम्रपणे सांगितलं, आणि कळत नसलेल्या गोष्टीचा एकेक पदर उलगडायला सुरुवात केली. तानसेनाने दिवे लावले, झाडंही गाणं ऐकतात, गाई जास्त दूध देतात, त्यांच्या आजी भूपाळ्या म्हणायच्या, नवीन शैक्षणिक धोरणात कलेला फार महत्त्व आहे, आणि ते स्वतःही न्हाणीघरात गातात. "दोन शब्द बोलून थांबतो," हे वाक्य ठरावीक अंतराने येत होतं आणि प्रत्येक वेळी तिथून नवा विषय सुरू होत होता. कूलरमधलं पाणी संपलं. शिपाई बादली घेऊन आला आणि भाषण ऐकून परत गेला.

संयोजकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती होती, आज्ञा होती, आणि बहुधा मानधनाचं बिल लवकर काढायचं आश्वासनही होतं. मी हात तबल्यावर नेला. कान लावून ऐकलं. मग हात काढून घेतला आणि हातोडी पिशवीत टाकली. तिहाई मारायची तर आधी सम कुठे आहे ते कळावं लागतं.